बिऱ्हाड चाकांवर नेण्यापूर्वी

प्रश्न : आम्ही लातूरचे. घरात आम्ही दोघे, चौदा वर्षांचा मुलगा, सहा वर्षांची मुलगी आणि सदुसष्ट वर्षांच्या सासूबाई असे पाच जण आहोत. यजमानांनी न्यूझीलंडला जाऊन कॅम्परव्हॅन, म्हणजे झोपण्याची आणि स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, भाड्याने घ्यायची आणि स्वतः चालवायची असे ठरवले आहे. आजवर परदेशी आम्ही एकदाच गेलो, तेही सहल कंपनीबरोबर. दिवाळीच्या सुट्टीत प्रवास धरून एकूण बारा दिवस मिळतील. ऑकलंडहून निघून क्वीन्सटाउनपर्यंत दोन्ही बेटे पाहावीत असा यजमानांचा बेत आहे. माझी अडचण वेगळी आहे. चार दिवस चुलीपासून सुटका व्हावी म्हणून माणूस सहलीला जातो, इथे तर स्वयंपाकघरच माझ्या पाठोपाठ येणार. सासूबाईंचे गुडघे दुखतात, पण जाण्याची हौस सर्वांत जास्त त्यांनाच आहे. हा बेत करावा की मोडावा?

उत्तर :

ताई, बेत मोडू नका, पण तो निम्म्याने कमी करा. तुमच्या पत्रातली दोन वाक्ये शेजारी ठेवून वाचली, तर अडचण कुठे आहे ते दिसते. यजमान किलोमीटर मोजत आहेत आणि तुम्ही कामे मोजत आहात. कॅम्परव्हॅनच्या सहलीत तुमचे मोजमाप बरोबर असते. हॉटेलात उतरणारा प्रवासी एका दिवसात तीनशे किलोमीटर गेला, तरी संध्याकाळी त्याच्या हाती खोलीची किल्ली येते. व्हॅनवाल्याला मात्र पोहोचल्यावर जागा शोधून गाडी समपातळीवर उभी करावी लागते, विजेची केबल जोडावी लागते, पाणी भरावे लागते, बैठकीची गादी पसरून तिचा पलंग करावा लागतो आणि सकाळी हेच सगळे उलट क्रमाने करावे लागते. मुक्काम जितके जास्त बदलाल, तितक्या वेळा बिऱ्हाड मांडून मोडावे लागेल.

बिऱ्हाड गाडीवर घालून निघणे आपल्या भागाला नवे नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबांच्या गाड्या आपण दरवर्षी पाहतो, आणि गाडीत काय घ्यावे, काय घरी ठेवावे, हे त्या बायांइतके नेमके क्वचितच कोणाला कळत असेल. त्यांचे निघणे पोटासाठी असते आणि आपले हौसेसाठी, म्हणून बरोबरी करण्याचा माझा हेतू नाही. पण हलत्या घरात प्रत्येक वस्तूला ठरलेली जागा आणि प्रत्येक माणसाला ठरलेले काम असावे लागते, ही गोष्ट तिथेही खरी आहे आणि इथेही.

आता यजमानांच्या बेताचे गणित पाहू. ऑकलंड ते वेलिंग्टन सुमारे ६४० किलोमीटर, तिथून कुक सामुद्रधुनी ओलांडणारी साडेतीन तासांची बोट, मग पिक्टन ते क्राइस्टचर्च सुमारे ३४० आणि क्राइस्टचर्च ते क्वीन्सटाउन सुमारे ४८० किलोमीटर. म्हणजे कुठेही आडवाटेला न वळता जवळपास दीड हजार किलोमीटर होतात. बारा दिवसांतून जाण्यायेण्याचा प्रवास वजा केला, तर तुमच्या हाती आठ रात्री उरतात. मोठी व्हॅन घेऊन बोटीवर चढण्याचे भाडे वेगळे, आणि एका शहरात घेतलेली गाडी दुसऱ्या शहरात परत करण्याचे शुल्क बऱ्याचदा त्याहून वेगळे. इतके करून मुलांना काय दिसेल? खिडकीतून जाणाऱ्या मेंढ्या.

म्हणून माझा आग्रह असा, की केवळ दक्षिण बेट घ्यावे आणि तेही एका वर्तुळात, जिथून निघालात तिथेच परत. हैदराबादेहून सिंगापूरमार्गे क्राइस्टचर्च गाठता येते, आणि लातूरकरांना मुंबईपेक्षा हैदराबाद सोयीचे, हे तुम्हाला मी सांगायला नको. पहिली रात्र क्राइस्टचर्चमध्ये साध्या मोटेलात काढा. उतरल्याबरोबर व्हॅन ताब्यात घेऊ नका. याला कारण आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात न्यूझीलंडचे घड्याळ आपल्या साडेसात तास पुढे असते, म्हणजे तिथे सकाळचे नऊ वाजलेले असतात तेव्हा आपल्या शरीराच्या लेखी रात्रीचा दीड वाजलेला असतो. रात्रभराच्या विमानप्रवासानंतर अशा अवस्थेत, कधी न चालवलेली सात मीटर लांबीची गाडी अनोळखी शहरातून काढणे हा शहाणपणा नव्हे.

दुसऱ्या दिवशी दुपारपूर्वी व्हॅन घेऊन केवळ जेराल्डाइनपर्यंत जावे. अंतर सुमारे १३५ किलोमीटर आहे आणि रस्ता बहुतांशी सपाट कँटरबरीच्या मैदानातून जातो, त्यामुळे यजमानांचा हात बसेल. तिसऱ्या दिवशी तिथून नव्वदेक किलोमीटरवरच्या लेक टेकापोला पोहोचून दोन रात्री मुक्काम करावा. पुढच्या दोन रात्री माउंट कुकच्या पायथ्याच्या बाजूला, पुकाकी सरोवराच्या काठी. सातवी रात्र वाइटाकी खोऱ्यातून उतरून ओमारूला, आणि आठव्या दिवशी सुमारे २५० किलोमीटर चालवून क्राइस्टचर्चला गाडी परत करून पुन्हा मोटेल. हे सारे वर्तुळ आठशे किलोमीटरच्या आसपास भरते. शेवटचा दिवस सोडला, तर कोणत्याही दिवशी दोनशेच्या फार पुढे जावे लागत नाही. व्हॅनमधल्या रात्री सहाच होतात आणि पहिल्या खेपेला त्या पुरेशा आहेत.

क्वीन्सटाउन या वर्तुळात नाही, हे पाहून यजमान नाराज होतील. ज्याला त्याला तेच नाव ठाऊक असते, म्हणून ते यादीत येते. मला विचाराल, तर सहा वर्षांच्या मुलीला आणि सदुसष्ट वर्षांच्या आजीला तिथल्या उड्या मारण्याच्या खेळांत फारसे काही नाही. टेकापोच्या रात्रीत मात्र पुष्कळ आहे. टेकापो आणि माउंट कुकचा परिसर २०१२ पासून आंतरराष्ट्रीय तारांगण-अभयक्षेत्र म्हणून राखलेला आहे, म्हणजे तिथे रस्त्यावरचे दिवेसुद्धा आकाश उजळू नये अशा बेताने लावलेले असतात. दिवसा त्याच सरोवराचे पाणी दुधात निळे रंगद्रव्य कालवल्यासारखे दिसते, कारण हिमनद्यांनी दळलेल्या खडकाची बारीक भुकटी त्यात तरंगत असते. काठावर १९३५ साली बांधलेले दगडी चर्च आहे. ३,७२४ मीटर उंचीचा माउंट कुक, ज्याला माओरी भाषेत आओराकी म्हणतात, पुकाकीच्या काठाने जाताना समोर उभा राहतो. तो पाहण्यासाठी सासूबाईंना गाडीतून उतरण्याचीही गरज नाही. ओमारूला अंधार पडताना जगातले सर्वांत लहान पेंग्विन समुद्रातून बाहेर येतात आणि तिथून चाळीसेक किलोमीटर दक्षिणेला मोएराकीच्या किनाऱ्यावर माणसाच्या उंचीचे गोल गरगरीत दगड पडलेले आहेत. मुलीला शाळेत सांगायला एवढे पुरे आहे.

दिवाळीची सुट्टी निवडलीत, हे योग्य झाले. आपल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत तिकडे शरद सरत येऊन हिवाळा लागत असतो, आणि डिसेंबर ते फेब्रुवारी हा त्यांचा उन्हाळा असल्याने तेव्हा गर्दी आणि भाडी दोन्ही चढलेली असतात. ऑक्टोबर-नोव्हेंबर हा वसंत. संध्याकाळी आठपर्यंत उजेड असतो, पण टेकापोच्या पठारावर पहाटे चांगलीच थंडी पडते आणि एखाद्या दिवशी बर्फही पडू शकतो. लातूरच्या थंडीचे स्वेटर पुरणार नाहीत. सासूबाईंसाठी लोकरी आतले कपडे आणि रात्री पांघरण्यासाठी जास्तीची रजई गाडी ताब्यात घेतानाच मागून घ्या.

व्हॅन कोणती घ्यावी? तुम्ही पाच जण, म्हणून सहा जणांची गाडी घ्यावी लागेल, परंतु 'सहा जणांची' याचा अर्थ सहा जण झोपू शकतील एवढाच असतो. अशा गाडीत सामान्यतः एक पलंग चालकाच्या डोक्यावर असतो, तिथे शिडीने चढावे लागते, आणि बाकीचे दोन जेवणाच्या टेबलाच्या व मागच्या बैठकीच्या जागी रोज नव्याने मांडावे लागतात. मुलगा आनंदाने वर चढेल. सासूबाईंना मागची बैठक द्या आणि ती दिवसाही न मोडता पलंग म्हणूनच राहू द्या. गुडघे दुखणाऱ्या माणसाला दुपारी आडवे होता येणे, ही या गाडीची सर्वांत मोठी सोय आहे, अर्थात गाडी उभी असताना. चालत्या गाडीत सर्वांनी पट्टा लावून आसनावरच बसायचे असते. पलंगावर झोपणे किंवा चहा करायला उठणे चालत नाही. तुमची मुलगी सात वर्षांची पूर्ण झालेली नाही, म्हणून तिथल्या कायद्याप्रमाणे तिला मुलांचे वेगळे आसन लागेल. ते आसन कोणत्या जागी बसवता येते, हे आरक्षणापूर्वी लेखी विचारून घ्या, कारण व्हॅनच्या प्रत्येक जागी ते बसत नाही.

टेकापोच्या दोन रात्रींपैकी निदान एक रात्र सासूबाईंसाठी हॉलिडे पार्कमध्येच केबिन घ्यावी, असे मी सुचवेन. हॉलिडे पार्क म्हणजे व्हॅन उभ्या करण्याचे सशुल्क आवार. तिथे विजेची जोडणी असलेली जागा मिळते, गरम पाण्याची न्हाणीघरे असतात, कपडे धुण्याची यंत्रे असतात आणि, ताई, तुमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मोठे सामायिक स्वयंपाकघर असते. सहाच्या सहा रात्री अशाच आवारांत काढा. 'कुठेही गाडी लावून झोपायचे, फुकटात' अशी जी चित्रे यजमानांनी पाहिली असतील, त्यांच्यामागे नियम आहेत. मोकळ्या जागी मुक्कामाला बहुतेक ठिकाणी प्रमाणित स्वयंपूर्ण गाडीच, म्हणजे पाण्याची आणि सांडपाण्याची सोय आतच असलेली गाडी, लागते. २०२३ च्या कायद्याने अशा गाडीत कायम बसवलेले शौचालय असणे आवश्यक केले असून तिच्यावर हिरवे प्रमाणपत्र लावलेले असते. त्यातही स्थानिक नगरपालिका जिथे परवानगी देते तिथेच थांबता येते आणि नियम मोडल्यास शेकडो डॉलरचा दंड बसतो. पहिल्याच सहलीत, अंधार पडत असताना, फलक वाचत जागा शोधण्याची हौस करू नये.

परवान्याविषयी. तिकडे वाहने आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालतात, आणि पहिल्या सहलीसाठी न्यूझीलंड मला पसंत पडण्याचे हे मोठे कारण आहे. इंग्रजीत असलेला वैध परदेशी परवाना तिथे चालतो, आणि आपल्याकडच्या कार्डावर इंग्रजी मजकूर असतोच. तरीही आरटीओकडून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढून घ्या. परिवहन खात्याच्या सारथी संकेतस्थळावरून अर्ज करता येतो, शुल्क एक हजार रुपये आहे आणि त्याची मुदत एक वर्षाची असते, म्हणून फार आधी काढून ठेवू नका. मूळ कार्ड सोबत असलेच पाहिजे. मोबाइलमधल्या परवान्यावर भिस्त ठेवू नये.

यजमान गाडी उत्तम चालवतात, हे मी मान्य करतो. पण इथली मोटार आणि तिथली व्हॅन यांत पुष्कळ अंतर आहे. निघण्यापूर्वी एखाद्या ओळखीच्यांची टेम्पो ट्रॅव्हलर मागून घ्या आणि पहाटे औसा रस्त्याला दोन-तीन वेळा चालवून पाहा, विशेषतः मागे घेण्याचा सराव करा, आणि त्या वेळी मुलाला खाली उतरवून मागे उभे करा. हीच जोडी पुढे हॉलिडे पार्कात उपयोगी पडेल. न्यूझीलंडमध्ये गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर वेगमर्यादा साधारणपणे ताशी १०० किलोमीटर असते, परंतु साडेतीन टनांपेक्षा अधिक वजनाच्या वाहनांना ९० ची मर्यादा आहे आणि सहा जणांच्या अनेक व्हॅन त्यात मोडतात. गावात ५०. चौकातल्या वर्तुळावर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे असते, आणि हा नियम तिथे खरोखर पाळला जातो. आपल्याकडच्या सवयीने 'घुसलो की तो थांबेल' असे धरून चालू नये. एका मार्गिकेचे पूल वारंवार येतात. निळ्या चौकोनी फलकावर मोठा पांढरा बाण आपल्या दिशेचा असेल, तर आधी जाण्याचा हक्क आपला. लाल कडेच्या गोल फलकावर लहान लाल बाण आपला असेल, तर समोरच्याला जाऊ द्यावे. मागे चार गाड्या साचल्या, की जागा मिळताच डावीकडे थांबून त्यांना पुढे काढून देणे, हा तिथला शिष्टाचार आहे. तिथे हॉर्न फारसा कोणी वाजवत नाही, म्हणून मागे रांग झाली आहे हे आरशात बघूनच कळते.

मोबाइलमधला नकाशा मोटारीचा वेळ दाखवतो. व्हॅनसाठी तो सव्वापट धरा.

वाऱ्याचाही विचार करावा लागतो. कँटरबरीत वायव्येकडून येणारा वारा उंच गाडीला हलवतो, आणि उतरताना दार हातातून सुटले, तर बिजागरीसकट जाऊ शकते. दार आणि छताचे नुकसान हे विमा-करारातले नाजूक विषय आहेत. करार करताना तीन गोष्टी बारकाईने वाचा. पहिली, अपघात झाल्यास आपल्या खिशातून द्यायची रक्कम, जिला तिकडे एक्सेस म्हणतात. ती काही हजार डॉलर असू शकते आणि दररोज ठरावीक पैसे जास्त भरून कमी करता येते. पहिल्या सहलीत ती कमी करून घ्यावी, तिथे काटकसर नको. दुसरी, विम्यात काय येत नाही. छत, गाडीचा तळ, काच आणि चुकीचे इंधन या बाबी बऱ्याच करारांत वगळलेल्या असतात. तिसरी, डिझेलवरचा रस्ता-कर. न्यूझीलंडमध्ये तो पंपावरच्या दरात धरलेला नसतो, तर किलोमीटरच्या हिशोबाने वेगळा घेतला जातो, आणि भाड्याची कंपनी तो बहुधा शेवटी मागते. पहिल्या सहलीत आम्हाला हे कोणी सांगितले नव्हते आणि परतीच्या दिवशी काउंटरवर तो आकडा पाहून मी थोडा वेळ गप्प बसलो होतो. अनामत रक्कम चालकाच्या स्वतःच्या नावाच्या क्रेडिट कार्डावर अडकवली जाते. कार्डावर परदेशी व्यवहाराची सोय बँकेच्या ॲपमधून आधी चालू करून ठेवा; ती आपोआप चालू नसते.

व्हिसा हाती येईपर्यंत परत न मिळणारे पैसे कोठेही भरू नका. प्रवासाचा आरोग्य विमा पाचही जणांचा काढा. तिथे अपघाताने झालेल्या दुखापतीचा उपचारखर्च पाहुण्यांच्या बाबतीतही सरकारी योजनेतून बराचसा भागतो, पण आजारपणाचा नाही, आणि सासूबाईंच्या वयाला प्रश्न पडतो तो आजारपणाचाच. त्यांच्या गोळ्या मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या बॅगेत ठेवा.

आता स्वयंपाकघर. तुम्ही फराळाच्या डब्यांचा विचार सुरू केला असेलच, म्हणून आधी विमानतळाविषयी सांगतो. न्यूझीलंड शेतीवर जगणारा देश आहे आणि बाहेरची कीड वा रोग आत येऊ नये यासाठी तो कमालीचा दक्ष असतो. देशात शिरण्यापूर्वी भरायचा प्रवासी घोषणापत्राचा फॉर्म ऑनलाइन आणि विनामूल्य आहे. त्यात खाण्याची प्रत्येक वस्तू जाहीर करावी. जाहीर केलेली वस्तू फार तर काढून घेतील. न जाहीर केलेली सापडली, तर जागच्या जागी ४०० न्यूझीलंड डॉलर दंड होतो. मध, ताजी फळे, ताजा कढीपत्ता नेऊच नका. दुधातुपाचे पदार्थ घरीच राहू द्या. येसर, काळा मसाला, शेंगदाण्याची कोरडी चटणी यांवर नावे लिहून, घट्ट बांधून, एकाच पिशवीत सर्वांत वर ठेवावे, म्हणजे अधिकाऱ्याला बॅग उपसावी लागत नाही. धपाटे विमानातच संपवा. उरलेले घेऊन उतरू नका. मळलेले बूटही स्वच्छ धुऊन न्या, कारण तळाच्या मातीचीही चौकशी होते. तांदूळ, डाळ, कणीक, भाज्या हे सगळे क्राइस्टचर्चमध्ये व्हॅन घेतल्यावर भरून घ्या. पुढच्या लहान गावांत दुकाने छोटी आणि दर चढे असतात.

व्हॅनमध्ये गॅसच्या दोन शेगड्या, बेताचा फ्रिज आणि हात फिरेल एवढा ओटा असतो. त्या ओट्यावर केवळ चहा, दूध आणि सकाळचे उप्पीट करावे. लाल मिरचीची फोडणी आत टाकलीत, तर धुराचा भोंगा वाजेल आणि वास गाद्यांना धरेल. गाडी परत करताना त्याची सफाई तुमच्या नावावर लागू शकते. रात्रीचे वरण-भात आवाराच्या सामायिक स्वयंपाकघरात करा. तिथे चार देशांची माणसे शेजारी उभी राहून आपापले पातेले ढवळत असतात, आणि पुरुष भांडी घासत असतात, हे यजमानांनी आणि मुलाने डोळ्यांनी पाहावे असा माझा अंतस्थ हेतू आहे. गॅस वापरताना खिडकी किंवा छताचा झरोका थोडा उघडा ठेवा, आणि निघताना सिलिंडरची तोटी बंद करा. मायक्रोवेव्ह आणि किटली विजेची केबल जोडल्याशिवाय चालत नाहीत. नुसत्या बॅटरीवर दिवे, पाण्याचा पंप आणि फ्रिज चालतो. आपले प्लग तिकडच्या तिरक्या पट्ट्यांच्या सॉकेटमध्ये बसत नाहीत, म्हणून दोन अडॅप्टर इथूनच न्या.

पाण्याच्या बाबतीत मात्र मी लातूरकरांना काय शिकवणार! २०१६ साली मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी ज्यांनी हंड्याने मोजून वापरले, त्यांना व्हॅनची टाकी समजावून सांगावी लागत नाही. पिण्याचे पाणी एका टाकीत, ओट्याचे आणि अंघोळीचे सांडपाणी दुसऱ्या टाकीत, आणि शौचालयाची तिसरी, बाहेरून ओढून काढायची पेटी, जिला कॅसेट म्हणतात. सांडपाणी जमिनीवर किंवा गटारात सोडायचे नसते. त्यासाठी डम्प स्टेशन नावाची ठरलेली ठिकाणे असतात आणि बहुतेक हॉलिडे पार्कांत ती आवारातच मिळतात. कॅसेट एक दिवसाआड रिकामी करून धुवावी आणि तीत औषध घालावे. पाच माणसांत ती लवकर भरते, म्हणून दिवसा आणि निजण्यापूर्वी आवारातले शौचालय वापरून गाडीतले केवळ सासूबाईंच्या रात्रीसाठी राखावे.

तुमच्या मूळ तक्रारीवर माझा उपाय असा. निघण्यापूर्वी पाचही जणांनी बसून एका कागदावर कामे लिहावीत आणि प्रत्येक कामापुढे नाव घालावे. सकाळचा चहा आणि उप्पीट यजमानांकडे. केबल, पाण्याचा पाइप आणि सगळ्या कपाटांच्या खिट्ट्या मुलाकडे. निघण्यापूर्वी 'खिट्ट्या लागल्या' असे त्याने मोठ्याने म्हटल्याशिवाय चावी फिरवायची नाही. हा नियम मी अनुभवाने सांगतो. आमच्या पहिल्या सहलीत, पहिल्याच वर्तुळावर, वरचे कपाट उघडून मिसळणाचा डबा खाली आला होता आणि पुढचे पाच दिवस आम्ही हळदीवरून चाललो. मुलीकडे पांघरुणांच्या घड्या. सासूबाईंकडे भाजी निवडणे, कारण त्यांना काही काम दिले नाही, तर त्या सगळेच करायला उठतील. तुमच्याकडे रात्रीचा स्वयंपाक, पण सहापैकी तीनच रात्री. एक रात्र यजमानांची खिचडी आणि दोन रात्री बाहेरचे जेवण. हा खर्च अंदाजपत्रकात आत्ताच धरा, नाहीतर तिथे गेल्यावर डॉलरचा रुपयांत हिशोब करून तुम्हीच पदर खोचून उभ्या राहाल.

माउंट कुकच्या बाजूला किया नावाचे हिरवे डोंगरी पोपट भेटतील. दिसायला गोड असतात, पण वायपरचे रबर चोचीने ओढून काढतात, तेव्हा त्यांना खाऊ घालू नका आणि गाडी एकटी सोडू नका.

परतीच्या दिवशी ओमारूहून सकाळी लवकर निघा, कारण गाडी परत घेणारी कार्यालये दुपारीच बंद होतात आणि उशीर झाला, तर आणखी एका दिवसाचे भाडे पडू शकते. ताब्यात घेताना आणि परत देताना गाडीचे चारही बाजूंनी, छतासह, फोटो काढून ठेवा. डिझेल भरलेले, सांडपाण्याची टाकी आणि कॅसेट रिकामी, ओटा पुसलेला, अशा स्थितीत गाडी द्यावी लागते. ती शेवटची कॅसेट कोणी रिकामी करायची, हेही त्या कागदावर आत्ताच लिहून ठेवा. माझ्या मते, सहलीची कल्पना ज्यांची होती त्यांनी.